आयपीस निवडताना आधी डोळा, मग आकडा

वाई तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत जमेल त्या शनिवारी रात्री शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावते. आठ इंची आरशाची, लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची डॉब्सोनियन आहे, फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून चित्र रेखीव उमटतं तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिमी. मुलं येतात, त्यांचे आईवडील येतात, कधी अख्खी आळी येते. ज्यांनी मुलांसाठी नवीन दुर्बीण घेतली आहे ते पालक हमखास एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, याला जास्त पॉवरची लेन्स कुठली घ्यायची?" त्यांना उभ्या उभ्या जे सांगते, ते इथे बसून नीट लिहिते आहे.

एका मार्चमध्ये गुरू लावला होता. दुर्बिणीत ६ मिमीचा प्लॉसल जातीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगांची छोटी नळी. त्यातून २०० पट मोठं दिसतं. रांगेत आमच्या एका विद्यार्थिनीची आजी होती. चष्मा काढला तर त्यांना धूसर दिसायचं. चष्म्यासकट डोळा लावला तर चष्म्याची काच आयपीसवर टेकायची आणि मधोमध नुसता उजेडाचा एक कण. दोन-तीनदा वाकून त्या मागे सरल्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई, आमच्या डोळ्याला न्हाई दिसायचं." मी तो आयपीस काढून १२ मिमीचा लावला. त्याच्या काचेपासून डोळा दीड सेंटिमीटर लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं. गुरू निम्मा झाला, पण आजींनी चष्म्यासकट पाहिलं आणि बराच वेळ त्या जागच्या हलल्या नाहीत. "आगं, ह्याच्या शेजारी एका वळीत चार चांदण्या हायत की!" ते गुरूचे चार मोठे चंद्र. लहान आयपीसमध्येही ते होतेच, आजींपर्यंत पोचत नव्हते एवढंच.

म्हणून आयपीस घेताना तो किती पट मोठं दाखवतो हे मी सगळ्यात शेवटी बघते.

हिशेब सोपा आहे. दुर्बिणीच्या फोकल लेंथला आयपीसच्या फोकल लेंथने भागायचं. १२०० भागिले २५ म्हणजे ४८ पट, १२०० भागिले ६ म्हणजे २०० पट. आयपीसवरचा आकडा जितका लहान तितकं चित्र मोठं. इथेच फसगत होते. माझी पहिली दुर्बीण ११४ मिमी आरशाची, ९०० मिमी फोकल लेंथची होती. खोक्यावर ठळक अक्षरात '६७५ पट' लिहिलेलं होतं. आत ४ मिमीचा आयपीस आणि तिप्पट करणारी बार्लो, म्हणजे आयपीसच्या आधी बसवायचं जादा भिंग. ९०० भागिले ४ म्हणजे २२५, गुणिले ३ म्हणजे ६७५. गणित बरोबर होतं. पण त्या जोडीतून मी दोन वर्षं शनीऐवजी पिवळसर थरथरता डाग बघत होते आणि आपल्यालाच फोकस जमत नाही असं समजत होते.

आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुप्पट ही उपयोगी वर्धनाची वरची मर्यादा. ११४ मिमीला सव्वादोनशेच्या आसपास, तेही हवा अगदी शांत असेल तर. माझ्या आठ इंचीला कागदावर ४०० चालतं. प्रत्यक्षात आमच्या मैदानावर २०० च्या पुढे वर्षातल्या मोजक्याच रात्री गेले आहे. हवेचा अंदाज घ्यायला आयपीस लागतही नाही. डोक्याच्या आसपास असलेला एखादा ठळक तारा नुसत्या डोळ्यांनी बघा. तो झपाट्याने लुकलुकत असेल तर त्या रात्री बारीक आकड्याचा आयपीस पेटीतच ठेवा.

आता खरेदीचा क्रम. पहिला आयपीस कमी पटीचा आणि रुंद क्षेत्राचा घ्या. बहुतेक लोक उलटं करतात. दुर्बिणीबरोबर २५ मिमीचा आलेला असतो, मग ते थेट ४ मिमी मागवतात. पण देवयानी आकाशगंगा तीन अंश लांब आहे, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने ठेवल्यासारखी. कृत्तिकांचा पुंजका दोन अंशांच्या जवळपास. यांना जास्त वर्धन म्हणजे हत्तीच्या पाठीला नाक लावून हत्ती बघणं. शिवाय कुठलीही गोष्ट आधी शोधायची असते, आणि शोधाशोध रुंद क्षेत्रातच होते. माझा ३० मिमीचा, दोन इंची नळीचा, ७० अंशांचा आयपीस ४० पट देतो आणि आकाशाचा पावणेदोन अंशांचा तुकडा दाखवतो. रात्रीचा निम्मा वेळ तोच लावलेला असतो.

अंशांचं गणित एकदा समजून घ्या, कारण जाहिरातीत हा आकडा मोठा लिहितात. ७० अंश हे आयपीसमधून डोळ्याला दिसणाऱ्या गोल खिडकीचं माप. त्याला वर्धनाने भागलं की आकाशाचा खरा तुकडा साधारण किती दिसेल ते कळतं. ५० अंशांचा २५ मिमी प्लॉसल माझ्या दुर्बिणीत ४८ पट देतो, म्हणजे एक अंशाला किंचित जास्त. हे मोजूनही बघता येतं. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे घ्या. त्यातला आधी उगवणारा, पश्चिमेकडचा तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर, आहे. तो क्षेत्राच्या एका कडेला आणून दुर्बीण सोडून द्या. मधून जाऊन दुसऱ्या कडेला दिसेनासा होईपर्यंतची वेळ मोजा. दर चार मिनिटांना एक अंश. माझ्या प्लॉसलमध्ये चार मिनिटं दहा सेकंदांच्या आसपास लागतात. आठवीच्या मुलांकडून हा प्रयोग दरवर्षी करून घेते. पृथ्वी फिरते हे पुस्तकात पाठ केलेली मुलं तारा कडेला टेकताना बघतात आणि पुन्हा एकदा करूया म्हणतात.

याच गणितामुळे रांगेसाठी रुंद आयपीस लागतो. माझ्या दुर्बिणीला मोटर नाही. १५० पटीला ५० अंशांच्या आयपीसमधून शनी विषुववृत्ताजवळ असेल तर ८० सेकंदांत कडेपार जातो. पहिलीतल्या मुलाला स्टुलावर चढून डोळा लावेपर्यंतच तीस सेकंद जातात. त्याच पटीला ८२ अंशांचा आयपीस दोन मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ देतो. एकटे बघणार असाल तर ५०-६० अंश पुरेत. घरी, गच्चीवर, पाहुण्यांना दाखवणार असाल तर रुंद क्षेत्रावर खर्च केलेला पैसा वसूल होतो.

आयपीसच्या नळीचा व्यास विसरू नका. सव्वा इंची आणि दोन इंची ही दोन मापं आज चालतात. जुन्या, खेळण्यातल्या म्हणाव्या अशा दुर्बिणींना पाऊण-एक इंचाच्या मधलं, २४.५ मिमीचं तोंड असतं. त्यात आजचे आयपीस बसत नाहीत. सव्वा इंची नळीत मावेल तेवढंच आकाश दिसतं, त्यामुळे त्या मापात ३२ मिमीचा प्लॉसल ही हद्द समजा. ४० मिमीचा घेतलात तर पट कमी होते, खिडकी लहान होते, आणि आकाश तेवढंच दिसतं.

आता डोळ्याचं बोलू. बारीक आकड्याच्या प्लॉसलमध्ये डोळा काचेपासून जेमतेम चार-पाच मिलिमीटरवर ठेवावा लागतो. या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मा लावून बघणाऱ्याला ते निदान १५, शक्यतो १८-२० मिमी हवं. चष्मा नसला तरी आठ-दहा मिमीच्या खाली डोळ्याला अवघडतं. हा आकडा वेष्टनावर असतो, पण काच खोबणीत खोल बसवलेली असली तर त्यातले दोन-तीन मिमी वाया जातात. म्हणून घरी मोजून घ्या. दिवसा दुर्बीण उजळ आभाळाकडे करा, सूर्यापासून लांब, शक्यतो घराच्या सावलीत उभं राहून. आयपीस लावा आणि पतंगाचा किंवा बटर पेपरचा तुकडा काचेसमोर धरून हळूहळू मागे न्या. कागदावर उजेडाचा गोल ठिपका दिसेल. तो लहान होत होत एका जागी एकदम रेखीव होतो. तिथून काचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ते तुमचं आय रिलीफ, डोळा तिथे यायला हवा.

तो ठिपकाही मोजून ठेवा. दुर्बिणीचा सगळा प्रकाश त्या ठिपक्यातून डोळ्यात जातो. त्याचा व्यास म्हणजे आयपीसच्या फोकल लेंथला दुर्बिणीच्या एफ रेशोने, म्हणजे फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास या आकड्याने, भागून येणारा आकडा. माझी दुर्बीण एफ ६ आहे, त्यामुळे ३० मिमीला ५ मिमीचा ठिपका, १२ ला २ मिमी, ६ ला १ मिमी. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिमीपर्यंत उघडते, पन्नाशीत पाचच्या आसपास. ठिपका बाहुलीपेक्षा मोठा झाला तर उरलेला प्रकाश बुबुळावर सांडतो. एफ ५ च्या दुर्बिणीला ४० मिमीचा आयपीस म्हणजे ८ मिमीचा ठिपका, कोणाच्याच कामाचा नाही. दुसऱ्या टोकाला ठिपका अर्ध्या मिमीपर्यंत आला की चित्र काळवंडतं आणि आपल्याच डोळ्यातले तरंगते कण समोर फिरायला लागतात. दोन मिमीच्या आसपासचा ठिपका मला सगळ्यात लाडका आहे. शौरीतला एम १३ तारकागुच्छ तिथे दाण्यादाण्यांनी सुटा होतो. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून चोवीस अंशांवर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी येतो. ४८ पटीत तो परातीत सांडलेल्या रव्यासारखा दिसतो. १२ मिमीने १०० पट केली की अख्खं क्षेत्र रव्याने भरतं.

चष्मा काढायचा की ठेवायचा हेही विचारतात. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर काढा, फोकसचा खटका फिरवून तो भरून निघतो. सिलिंड्रिकल नंबर असेल तर फोकसने निघत नाही. मला दीडचा आहे. ३० मिमीच्या आयपीसमधून चष्म्याशिवाय प्रत्येक तारा मला फटकाऱ्यासारखा लांबट दिसतो. ६ मिमीतून तोच तारा चष्म्याशिवायही टिंबासारखा दिसतो, कारण बारीक ठिपका बाहुलीच्या मधल्या छोट्याशा भागातूनच जातो. दोष डोळ्याचा की आयपीसचा हे ठरवायची युक्ती आहे. तारा मध्यावर आणा आणि डोकं एका बाजूला कलवा. फटकारा डोक्याबरोबर फिरला तर डोळा. डोकं स्थिर ठेवून आयपीस त्याच्या जागी फिरवा. फटकारा त्याच्याबरोबर फिरला तर आयपीस. दोन्ही वेळा जागेवरच राहिला तर आरशाकडे बघा.

कडेच्या ताऱ्यांचं वेगळं. एफ ८ किंवा एफ १० च्या दुर्बिणीत स्वस्त आयपीसही कडेपर्यंत बरे चालतात. एफ ५ च्या दुर्बिणीत प्रकाशाचा कोन तीव्र असतो. तिथे स्वस्त रुंद आयपीसच्या कडेला तारे पंख पसरलेल्या पक्ष्यांसारखे होतात. सगळ्या शेपट्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने धूमकेतूसारख्या असतील तर तो अन्वस्ताकार आरशाचा स्वभाव आहे, आयपीसला बोल लावू नका.

नावांची यादी मोठी आहे, पण ओळखायची थोडीच. आयपीसवर एच किंवा एसआर अक्षरं असतील तर ती हायगेन्स आणि रॅम्सडेन यांच्या दोन-भिंगी पद्धतीची जात. खोक्याबरोबर येणारे बहुतेक तेच असतात, ते बदला. १८४९ सालच्या केल्नरच्या रचनेत तीन भिंगं, कमी पटीला ठीक. व्हिएन्नाच्या गेऑर्ग सिमॉन प्लॉसल यांनी १८६० मध्ये केलेली चार भिंगांची रचना आजही पैशाच्या मानाने सगळ्यात प्रामाणिक. २०, २५, ३२ मिमी या आकड्यांत प्लॉसल बिनधास्त घ्या, दहाच्या खाली घेऊ नका. त्या टप्प्यासाठी ६० अंशांचे, लांब आय रिलीफचे पाच-सहा भिंगांचे आयपीस मिळतात. माझे १२ आणि ८ मिमी त्याच जातीचे आहेत आणि घरातल्या कोणालाही ते लगेच जमतात. ८२ अंशांची रचना अल नॅगलर यांची, १९८० च्या सुमाराची. अपोलोच्या चांद्रयानाच्या सिम्युलेटरसाठी त्यांनी प्रकाशयंत्रणा बनवली होती, तिथून ही रुंद खिडकीची कल्पना आली. सुंदर असतात, महाग असतात, आणि काही इतके जड की दुर्बिणीचं तोंड खाली झुकतं. माझ्या ३० मिमीसाठी मी मागच्या टोकाला वाळूची पुरचुंडी बांधते.

झूम आयपीस एकाच वस्तूत ८ ते २४ मिमी देतो. सोय आहे, पण २४ ला त्याची खिडकी ४० अंशांच्या आसपास आकसते, आणि नेमकी तिथेच रुंदी हवी असते. बार्लो चांगली घेतलीत तर एका आयपीसचे दोन होतात. मात्र आकडे विचारून घ्या. २५ आणि १२ मिमीबरोबर दुप्पट बार्लो म्हणजे साडेबारा आणि ६, म्हणजे एक आकडा फुकट गेला. ३२ आणि १२ बरोबर १६ आणि ६ मिळतात.

हातात आयपीस मिळाला की ट्यूबलाइटखाली न्या. काचेतलं प्रतिबिंब हिरवट किंवा जांभळट दिसलं तर काचेवर परावर्तन कमी करणारा लेप आहे, पांढरंशुभ्र दिसलं तर काच उघडी आहे. नळीतून आत बघा, आतली भिंत काळी आणि मंद हवी. चकचकीत असेल तर चंद्राच्या शेजारी राखाडी धुकं दिसणार. डोळ्याशी धरून उजेडाकडे बघा, गोलाची कड चाकूने कापल्यासारखी हवी. जुना घेत असाल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, तो कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी कोणाच्या तरी दुर्बिणीत लावून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम प्रसिद्ध आहेत. अशा ठिकाणी लोक आपले आयपीस आनंदाने दाखवतात. माझा १२ मिमीचा मी असाच दुसऱ्याच्या दुर्बिणीत पाहून ठरवला आणि मग परदेशातून येणाऱ्या भाच्याला हातातल्या बॅगेत आणायला सांगितला.

एक गोष्ट मात्र घेऊच नका, आणि खोक्यात आली असेल तर आजच फेका. आयपीसच्या बुडाला आटे देऊन बसवायचा 'सूर्याचा' काळा फिल्टर. आरशाने गोळा केलेली सगळी उष्णता त्या बोटभर काचेवर येते, ती तडकते आणि मागे डोळा असतो. सूर्यासाठीचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण झाकून, घट्ट बसलेलाच हवा.

आता सांभाळायचं. आमच्याकडे मुली काजळ घालून येतात, लहानग्यांच्या डोळ्यांत तर आया भरभरून घालतात. ६ मिमीच्या प्लॉसलवर पापण्या घासायच्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत काचेवर काळ्या रेघांची जाळी व्हायची. मी ती पहिल्यांदा ओढणीने पुसली. लेपावर उमटलेले ओरखडे अजून आहेत. आता आधी रबरी फुग्याने धूळ उडवते, मग लेन्सच्या कागदाला एक थेंब लेन्स क्लीनर लावून मधून कडेकडे, न दाबता. लांब आय रिलीफचे आयपीस आल्यापासून हे वर्षातून दोनदाच करावं लागतं.

पावसाळ्यात वाईची हवा चार महिने ओली असते. आयपीस चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत ठेवू नका, ओल तिथेच मुरते. मी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते. गोळ्यांचा रंग बदलला की स्वयंपाकात न वापरण्याच्या एका जुन्या तव्यावर मंद आचेवर त्या सुकवते. दर पंधरवड्याला, ऊन पडलं की डबा उघडून आयपीस तासभर सावलीत वारा खायला ठेवते. दसऱ्याला डबा बाहेर निघतो तेव्हा आधी टॉर्च तिरका धरून एकेक काच बघते, आणि मग ३० मिमीचा तेवढा दुर्बिणीत लावते.